दडसबाई आणि मंगळवारची पाळी

दडसबाईंना मी चार वर्षं रोज पाहिलं, आणि त्या चार वर्षांत त्यांनी कुठल्याही पोराला एकदाही 'बरोबर' म्हटलेलं मी ऐकलं नाही. पोरगं फळ्यावर गणित सोडवून ऐटीत वळायचं, आणि बाई म्हणायच्या, "कशावरनं?" पोराचा चेहरा उतरायचा. मग ते पुन्हा फळ्याकडं तोंड करून पहिल्या ओळीपासून सांगायला लागायचं. चुकलं असेल तर सांगता सांगता त्याचं त्यालाच सापडायचं. चुकलं नसेल तर बाई नुसती मान हलवायच्या आणि खडू दुसऱ्याच्या हातात द्यायच्या.

या 'कशावरनं'ची पोरांना इतकी सवय झाली होती की एकदा तपासणीला आलेले साहेब सहावीच्या वर्गात उभे राहून म्हणाले, "तुमची शाळा गणितात तालुक्यात मागं आहे." मागच्या बाकावरून एक पोरगी उठली आणि तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "कशावरनं, साहेब?" मी दारात उभा होतो. मी तिला बसायची खूण केली. बाई मात्र साहेबांकडं बघत राहिल्या, उत्तर येईल म्हणून.

फलटण मागं टाकून घाट चढला की ऊस संपतो. वर पठारावर ज्वारी, बाजरी, थोडा कांदा आणि मेंढरं. त्या पठारावरच्या एका वाडीत आमची सातवीपर्यंतची शाळा होती. मी मराठी शिकवायचो. मूळचा सांगलीचा, हळदपेठेच्या मागच्या गल्लीतला. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं लहानपणी वडिलांनी घोकून घेतलेलं. औट म्हणजे साडेतीन हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. त्यामुळं आपल्याला अपूर्णांक कळतात अशी माझी पक्की समजूत होती. ती दडसबाईंनी मोडली.

शेवंता दडस हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, काळ्यासावळ्या, साडीखाली पांढरे पळायचे बूट. बूट का, असं पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं. "चप्पल घालून मेंढरामागं पळता येत न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. मेंढरं सुटून त्यांना वीस वर्षं झाली होती, पण बूट राहिले. पर्समध्ये एक सुती दोरी असायची, समान अंतरावर बारा गाठी मारलेली. पाव म्हणजे किती, तिसरा हिस्सा म्हणजे किती, असं कुणी अडलं की ती दोरी बाहेर यायची. "तोंडानं न्हाई, हातानं मोज," असं म्हणून त्या ती पोराच्या हातात द्यायच्या. बारालाच दोननं, तीननं, चारनं, सहानं भाग जातो, म्हणून गाठी बारा. दहा गाठींची दोरी बिनकामाची असं त्यांचं ठाम मत होतं. मीटर पट्टीवर त्यांचा कायमचा राग होता.

त्यांचे वडील मेंढपाळ. लेकीला घेऊन वर्षात सहा गावं फिरायचे, आणि ती सहा गावांच्या सहा शाळांत बसायची. वडिलांना लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, घेताना ते फटीशी बसायचे. मेंढरं जोडीजोडीनं आत जायची. दहा जोड्या झाल्या की एक खडा लेकीच्या ओच्यात. शेवटी खडे मोजायचे. "मला पाढे कुणी शिकवलंच न्हाईत," बाई म्हणायच्या. "विसाचा पाढा माझ्या ओच्यात पडलाय."

अशाच एका गावच्या शाळेत कुणा मास्तरनं त्यांना म्हटलं होतं, धनगराच्या पोरीला अपूर्णांक काय करायचेत? पाचवीतली शेवंता म्हणाली, "गुरुजी, तुमचा अर्धा फळ्यावर असतोय. आमच्याकडं अर्धं कोकरू जित्तं असतंय." तिकडं अर्धलीवर मेंढी सांभाळायची रीत आहे. मेंढी एकाची, राखण दुसऱ्याची, आणि झालेलं कोकरू दोघांत निम्मं. कोकरू एकच झालं तर ते कापून वाटत नाहीत, ते मोठं होईस्तोवर दोघांचं असतं. त्या मास्तरनं या उत्तराबद्दल छडी मारली होती. हे सांगताना बाईंच्या आवाजात तक्रार नसायची, पण एवढ्या वर्षांनीही डोळे बारीक व्हायचे.

पूर्णांक त्या विहिरीवर शिकवायच्या. वाडीच्या खालच्या अंगाला एक जुनी पायऱ्यांची सामाईक विहीर होती. जमिनीची पायरी शून्य. तिथून खाली उणे एक, उणे दोन. पोरं कठड्यामागून बघायची आणि रोज वहीत लिहायची, आज पाणी उणे नऊवर, आज उणे अकरावर. उणे अकरा हे उणे नऊपेक्षा लहान, हे आमच्या पोरांना कधी घोकावं लागलं नाही. पाणी खाली गेलंय हे त्यांना दिसत होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, वर्ग सोडून पोरं विहिरीवर कशाला नेता? बाई म्हणाल्या, "विहीर वर्गात येत असंल तर आणा की."

त्याच विहिरीवरून पुढं सगळं घडलं.

सहावीची घटक चाचणी झाली होती. शिक्षकांनी पेपर एकमेकांत बदलून तपासायचं ठरलं, त्यामुळं गणिताचा गठ्ठा माझ्याकडं आला. एक प्रश्न होता, एक सप्तमांश म्हणजे किती ते उदाहरण देऊन सांगा. कुणी भाकरीचे सात तुकडे काढले होते, कुणी आठवड्यातला एक दिवस लिहिला होता. वैष्णवी नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'एक सप्तमांश म्हणजे शून्य. आमच्या विहिरीत आमचा एक सप्तमांश हिस्सा आहे.' मी हसलो. लाल पेनानं भला मोठा भोपळा काढला आणि पुढचा पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई तो पेपर घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "ह्याला शून्य दिलंय तुमी?"

"चूकच आहे ना, बाई. सप्तमांश शून्य कसा असेल?"

"कशावरनं?" त्या म्हणाल्या.

पाठ असलेलं सगळं आठवलं, पण त्यात विहीर कुठंच नव्हती. बाईंनी पेपरची घडी करून दोरीशेजारी पर्समध्ये ठेवली आणि शाळा सुटल्यावर त्या वैष्णवीबरोबर तिच्या घरी गेल्या. मीही गेलो. खरं सांगायचं तर बाई काही तरी उपद्व्याप करतील या भीतीनं गेलो.

वैष्णवीची आई हौसाबाई, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. एका आजोबांच्या सात घरांची ती विहीर. सात घरं, आठवड्याचे सात वार, प्रत्येकाला एक वार. अशी पाळी पूर्वीच बांधून दिलेली. हौसाबाईच्या घराला मंगळवार. पुढं कधी तरी लाईन दुरुस्तीसाठी शेतीची लाईट दर मंगळवारी दिवसभर बंद राहायला लागली. मोटर चालणार नाही तर पाणी कुठलं? कुणी मुद्दाम केलं नव्हतं. वार ठरलेले होते, ते कुणी बदलले नाहीत, एवढंच. नवरा होता तोवर तो कुणाच्या तरी पाळीत हातापाया पडून तासभर पाणी घ्यायचा. आता तेही नाही. तिची कांद्याची दोन वाफ्यांची रोपं पिवळी पडली होती.

"यंदा लागण झाली न्हाई तर रान पडीक पडतंय," हौसाबाई म्हणाली. "सुभेदार आप्पा म्हणत्यात, पडीक रानाला पाण्याचा हिस्सा कशाला ठेवायचा? सोडून दे, सही कर. पुढच्या अमावास्येला समदी बसणार हायत."

"तुमी काय म्हणालासा?" बाईंनी विचारलं.

"म्या काय म्हणू? कागदाव सारखाच हाय की समद्यांचा."

बाईंनी पर्समधला पेपर उघडून पुन्हा वाचला. मग वैष्णवीला म्हणाल्या, "तू बरोबर लिवलंयस." चार वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं 'बरोबर'. लेखाच्या सुरुवातीला मी एकदाही ऐकलं नाही म्हणालो ते एवढं एक वगळून.

परतताना मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "बाई, भाऊबंदकीचं प्रकरण आहे. आपण बाहेरची माणसं. आपलं काम शिकवायचं."

"मग तेच तर करणार हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहावीचा लसाविचा तास विहिरीवर झाला. मोटरघराच्या भिंतीवर बाईंनी गेरूनं चौकट आखली, सात आडवे, सात उभे. सात आठवडे, सात वार. पोरांनी घराघरांची नावं भरली. सोमवारच्या उभ्या रांगेत एकच नाव सात वेळा, मंगळवारच्या रांगेत 'हौसाबाई' सात वेळा. मग बाईंनी मंगळवारच्या सगळ्या चौकटींवर फुल्या मारल्या. पोरांनी नुसतं पाहिलं आणि त्यातली चार पोरं बाकीच्या सहा घरांचीच होती.

सुभेदार आप्पा संध्याकाळी आले. सात घरांतले वडीलधारे, फौजेतून निवृत्त झालेले, मिशीचे, कडक पण लबाड नसलेले गृहस्थ. त्यांनी त्याच रात्री चुना फासून भिंत पांढरी करायला सांगितलं. सकाळी बाईंनी पुन्हा आखली. दुपारी पुन्हा चुना. तिसऱ्या दिवशी बाई गेरूचा डबा घेऊन निघाल्या तेव्हा मी आडवा आलो.

"बाई, तक्रार जाईल. बदली होईल."

"होऊ दे. गुरुजी, ती पोरगी उद्या मोठी झाली की तिला सांगायचं काय? सप्तमांश पुस्तकात असतोय, रानात नसतोय? मग मी शिकवतीय ते खोटं हाय." त्यांचा आवाज चढला होता. "मला खोटं शिकवता येत न्हाई."

मी बाजूला झालो. लाज वाटली म्हणून पाठोपाठ गेलो. डबा मी धरला, एवढंच माझं शौर्य.

भिंतीजवळ आप्पा काठी टेकून उभेच होते. "बाई, ही भिंत आमची हाय."

"भिंतीचाबी सातवा हिस्सा हौसाबाईचा हाय, आप्पा. मी तेवढ्यातच लिवते."

आजूबाजूला माणसं जमली होती. कुणी तरी हसलं. आप्पा हसले नाहीत. "पाळी वाडवडलांनी बांधलीया. सारखी बांधलीया. तुमी कोण मोडणार?"

"म्या मोडत न्हाई. आवं आप्पा, तुमी फौजेत होता न्हवं? एकाच जवानाला दर रविवारी गार्ड ड्युटी लावली असती तर?"

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "फौजेत रोस्टर फिरतं," ते म्हणाले.

"मग फिरवा की. मंगळवार मोजायचाच न्हाई. सोमवारी तुमची पाळी झाली की म्होरल्याची बुधवारी. वार कुणाचाच न्हाई, नंबर सगळ्यांचा." बाईंनी मंगळवारची अख्खी रांग गेरूनं भरून टाकली. "सात आठवड्यांचं दिस एकूणपन्नास. सात मंगळवार गेलं. राहिलं बेचाळीस. घरं सात. वैष्णवी, सांग."

"सहा," वैष्णवी म्हणाली. शेजारच्यांनाच काय ते ऐकू आलं.

"कशावरनं?"

"सात सक बेचाळीस." या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हंजी आमची एक पाळी जाणार!" आप्पा म्हणाले. "आत्ता सातात सात मिळत्यात, त्याच्या सहा व्हणार. एक पाळी चुकली तर कांदा जळतोय, बाई."

"तुमचा एका पाळीनं जळतोय, हिचा सातानं जळला. सहा घरांनी एकेक पाळी सोडली की हिला सहा मिळत्यात. सगळ्यांच्या सहा. ह्यात माझं काय न्हाई, आप्पा. हे आकडं हायत. तुमी सोता मोजून बघा." आणि त्यांनी गेरूचा बोळा आप्पांच्या हातात दिला.

एवढ्या माणसांत आप्पांनी तो घेतला. फेकून द्यावा की काय असा विचार चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग ते भिंतीजवळ गेले आणि एकेक चौकटीत नंबर टाकू लागले, सोमवार एक, मंगळवार रिकामा, बुधवार दोन. मधेच चुकले. त्यांच्याच नातवानं मागून सांगितलं, "आप्पा, तिथं चार येतंय." ते नातवावर खेकसले, पण पुसून चार केले. शेवटच्या चौकटीत सात आला तेव्हा त्यांनी प्रत्येक नंबर बोटानं मोजला. सगळे सहा सहा. आप्पांनी हात धोतराला पुसले आणि ते वर घराकडं निघून गेले.

अमावास्येला सातही घरं बसली. हौसाबाईनं हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही केली नाही. आप्पांनीच कागद पुढं ओढला आणि त्यावर पाळीचे नंबर लिहिले. पुढच्या पंधरवड्यात हौसाबाईच्या रानात पहिल्यांदा भर दुपारी पाट वाहिला. वैष्णवी त्या दिवशी शाळेत आली नाही, आणि गैरहजेरी मांडताना बाई गालातल्या गालात हसत होत्या.

पण तक्रार त्याआधीच गेली होती. शिक्षिका गावच्या पाण्याच्या वादात पडते, वर्ग सोडून मुलांना विहिरीवर नेते, असं काहीबाही. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून खुलासा मागवला गेला. आप्पा स्वतः शाळेत आले, म्हणाले, "बाई, मी तक्रार माघारी घेतो. साहेबाला भेटतो. तुमीबी दोन वळी लिवा, चूक झाली म्हणून." बाईंनी त्यांना चहा दिला. खुलासा मात्र त्यांनी एका पानात लिहिला, एकोणपन्नास वजा सात, भागिले सात, उत्तर सहा. खाली सही.

साहेबांनी तो वाचून त्यांना बोलावून घेतलं. मी सोबत होतो. साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त प्रकरण मिटवायचं होतं. "यात दिलगिरी कुठंय, बाई?"

"ती सहावीच्या पुस्तकात न्हाई, साहेब."

"एक ओळ लिहा. इथंच राहाल."

"उत्तर चुकलं असंल तर दाखवा. आत्ता खोडते."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चूक नव्हती. बदलीचा आदेश निघाला, मेढ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर. मला इतका संताप आला होता की त्या रात्री मी पहिल्यांदा वरिष्ठांना चार पानी पत्र लिहिलं. बाईंनी ते वाचलं, दोन ठिकाणी वाक्यं तोडली आणि म्हणाल्या, "लय विशेषणं हायत, गुरुजी. आकडा एक बी न्हाई." पत्र मी तरीही पाठवलं. उत्तर आलं नाही.

त्या गेल्या तो दिवस मंगळवारचाच. एसटीचा थांबा विहिरीच्या वरच्या अंगाला. सगळी शाळा आली होती, सात घरं आली होती. मोटरघराच्या भिंतीवरची चौकट आता गेरूची नव्हती, आप्पांनी ऑइलपेंटनं पक्की करून घेतली होती. हौसाबाईनं नव्या कांद्याची एक जुडी बाईंच्या पिशवीत खुपसली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायची त्यांना अजिबात घाई नव्हती.

गाडी आली. बाई पांढऱ्या बुटांनी टणकन पायरी चढल्या, खिडकीशी बसल्या आणि काच सरकवून त्यांनी वैष्णवीला जवळ बोलावलं.

"एक सप्तमांश म्हंजी किती गं?"

वैष्णवीनं एकदा भिंतीकडं पाहिलं. "बेचाळिसात सहा, बाई."

"कशावरनं?"

पोरीनं खाली आपल्या रानाकडं हात केला. तिथं हिरवागार कांदा उभा होता.

बाईंनी पर्स उघडली. बारा गाठींची दोरी वैष्णवीच्या हातात दिली, आणि दोरीशेजारची कागदाची घडी माझ्यापुढं धरली. घड्यांवर फाटत आलेला तो पेपर, त्यावर माझा लाल भोपळा.

"गुरुजी," गाडी हलता हलता त्या ओरडल्या, "आता तपासा!"